फिलीज पुन्हा २०११ च्या वळणावर? वाढती वयं, लांबलचक करार आणि पिचरांची कोपरं

लाल_टोपी
११ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

परवा आपल्या फिलीजने (फिलाडेल्फियाचा बेसबॉल संघ) फटकेबाज श्वार्बरशी नवा करार केल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसातून निघत होतो. पाच वर्षं, १५ कोटी डॉलर. गाडीत बसल्या बसल्या बायकोला फोन केला, "राहिला गं आपला श्वार्बर!" वर्षाला ५६ होमरन (बेसबॉलचे षटकार) मारणारा माणूस, त्यातले चार ब्रेव्ह्जविरुद्ध एकाच रात्री. त्याला दुसऱ्या गावाच्या टोपीत बघवलं नसतं. पण स्कूलकिल एक्सप्रेसवेवर नेहमीसारखा अडकलो आणि मनात वयांचा हिशेब सुरू झाला. घरी पोचेपर्यंत आनंद निम्मा झाला होता.

हार्पर ३३ वर्षांचा, करार २०३१ पर्यंत. टर्नर ३२, करार २०३३ पर्यंत, म्हणजे तो चाळिशीला टेकेल. श्वार्बर मार्चमध्ये ३३ चा होईल, करार २०३०. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नोला ३२, तोही २०३०. दुसरा पिचर व्हीलर ३५ चा, आणि खांद्याजवळची बरगडी काढून बसलाय. रिअलमुटोचा करार संपलाय, तो राहिला तर मार्चमध्ये पस्तिशी गाठलेला कॅचर (यष्टिरक्षकासारखा) आपल्याकडे असेल. सगळे मोठे आकडे एकाच पिढीवर लावलेत. ही पिढी एकदम म्हातारी होणार.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहायला बसलो. २००८ मध्ये आपण वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकलो तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या परेडला मी मोठ्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होतो. त्यानंतर तीन वर्षांत आपण हॅलाडे, ली आणि ओस्वॉल्ट आणून घरच्या हॅमल्ससोबत असे चार मोठे पिचर एका संघात जमवले. २०११ मध्ये १०२ सामने जिंकलो. आणि ७ ऑक्टोबरच्या रात्री, कार्डिनल्सविरुद्ध प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) निर्णायक पाचव्या सामन्यात ०-१ असे मागे असताना, रायन हॉवर्ड शेवटचा आऊट झाला आणि फर्स्ट बेसकडे निघतानाच कोसळला. टाचेमागची कंडरा तुटली. समोर कार्डिनल्स नाचत होते आणि आपला माणूस जमिनीवर बसून होता. ते दृश्य चौदा वर्षांत डोळ्यांसमोरून गेलं नाही.

हॉवर्डचा १२.५ कोटींचा नवा करार त्यानंतर सुरू व्हायचा होता, २०१२ ते २०१६. म्हणजे पाय मोडल्यावर पगार वाढला. ही चूक एप्रिल २०१० मध्येच झाली होती, जुना करार संपायला दोन हंगाम बाकी असताना. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: २०१२ ला ८१-८१, हॅलाडेचा खांदा गेला, २०१३ च्या डिसेंबरात निवृत्ती. ली जुलै २०१४ च्या शेवटच्या दिवशी कोपर धरून बाहेर गेला, तो पुन्हा कधी मोठ्या सामन्यात उतरला नाही. २०१५ मध्ये ९९ पराभव. प्लेऑफ थेट २०२२ मध्ये.

मला सांगा, आपण पुन्हा त्याच रस्त्यावर आहोत का?

---

एक्स्टनकर
११ डिसेंबर, रात्री १०:२२

टोपीसाहेब, तुमचं दुःख पोचलं, पण तुलना मान्य नाही.

हॉवर्ड २०१० मध्येच उतरणीला लागला होता, डावखुऱ्या पिचरांसमोर त्याचं काही चालत नव्हतं. आत्ताचा संघ सलग दोन वर्षं विभाग जिंकलाय, यंदा ९६ विजय. टर्नरने ३२ व्या वर्षी नॅशनल लीगचं बॅटिंग टायटल (सर्वोत्तम फलंदाजी सरासरी) घेतलं, .३०४. आणि मुख्य फरक म्हणजे आपला पिचर क्रिस्तोफर सांचेझ. २०२ इनिंग (डाव), २.५० चा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली), साय यंगमध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्कारात) स्कीन्सच्या मागोमाग दुसरा. त्याच्याशी जून २०२४ मध्ये चार वर्षांचा २.२५ कोटींचा करार केला. श्वार्बरला एका वर्षाला ३ कोटी पडतात, सांचेझची चारही वर्षं त्याहून स्वस्त! २०११ मध्ये असा एकही करार आपल्याकडे नव्हता.

---

सुपातला_दाणा
११ डिसेंबर, रात्री १०:५१

एक्स्टनकरांना अनुमोदन. ते पिचर आणले तेव्हा बरंचसं शेतातलं बियाणं, म्हणजे होतकरू पोरं, देऊन आणले होते. आत्ता तरी पेंटर नावाचा तरुण पिचर आहे.

---

लाल_टोपी
११ डिसेंबर, रात्री ११:०५

पेंटरचंच बघा ना. १९ व्या वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, क्लिअरवॉटरच्या सराव शिबिरात सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते. मार्चमध्ये कोपर दुखलं, जुलै २०२३ मध्ये टॉमी जॉन (कोपराच्या लिगामेंटची सर्जरी). दोन वर्षं गेली. यंदा लीहाय व्हॅलीत, आपल्या खालच्या संघात, परत आला, पण चाचपडला. मला तो पोरगा हवाय, त्याने यावं म्हणून मी रोज त्याचे आकडे बघतो. पण त्याच्यावर संघाचं भविष्य टांगायचं म्हणजे भीती वाटते.

---

ब्राँक्सवासी
१२ डिसेंबर, सकाळी ७:१५

यँकीजचा माणूस आहे, तरी बोलतो. आमचा पिचर गेरिट कोल. ९ वर्षं, ३२.४ कोटी. २०२३ ला साय यंग. मार्च २०२५ मध्ये कोपराची सर्जरी, अख्खा हंगाम गेला. जुलैमध्ये क्लार्क श्मिटही त्याच वाटेने. आमच्याकडे कोणी कोणाला हसू नये अशी स्थिती आहे.

पण मला वाटतं, लांब करार देणाऱ्या मालकांना आपण मूर्ख म्हणतो तेव्हा मूळ कारण सुटतं. खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावर, पुढची तीन लवादाने ठरवलेल्या पगारावर. कॉलेजातून आलेला मुलगा २३-२४ ला वर येतो, म्हणजे बाजारात उभा राहतो तेव्हा तिशीला टेकलेला असतो. अंगात जोर असताना स्वस्त आणि जोर ओसरताना महाग. इथे कराराचा पैसा न् पैसा हमीचा असतो, अमेरिकन फुटबॉलसारखं मध्येच काढून टाकता येत नाही. आणि वर्षाचा आकडा कमी दिसावा म्हणून वर्षं वाढवतात, कारण लक्झरी टॅक्स (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पगार दिल्यास संघाला लागणारा कर) वर्षाच्या सरासरीवर मोजतात. टर्नरचे ३० कोटी ११ वर्षांवर पसरले ते काही तो चाळिशीतही धावेल या खात्रीने नाही.

---

लाल_टोपी
१२ डिसेंबर, सकाळी ८:०२

ब्राँक्सवासी, हे नीट मांडलंत. म्हणजे शेवटची तीन-चार वर्षं वाया जाणार हे धरूनच सही करतात. मग माझा प्रश्न असा, की चार जणांची वाया जाणारी वर्षं एकत्र आली तर? २०२९, २०३० कडे बघा. तिघेचौघे तेव्हा ३६-३७ चे.

---

वानखेडे_नॉर्थस्टँड
१२ डिसेंबर, दुपारी १२:३०

वय आणि रक्कम बघून करार चांगला की वाईट हे कळतं का, याबद्दल मला खरंच शंका आहे. डिसेंबर २०१९ आठवा. एकाच आठवड्यात तीन मोठे पिचर विकले गेले.

व्हीलर: ५ वर्षं, ११.८ कोटी. तेव्हा लोक म्हणाले, २०१५ आणि २०१६ ही दोन वर्षं टॉमी जॉनपायी घालवलेल्या माणसाला इतके? स्ट्रासबर्ग: ७ वर्षं, २४.५ कोटी, नुकताच वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). कोल: ३२.४ कोटी.

स्ट्रासबर्ग त्यानंतर फक्त आठ सामने खेळला. आठ! एक विजय. ज्या संघाने २०१२ मध्ये त्याचं कोपर जपण्यासाठी त्याला प्लेऑफलाही खेळवलं नव्हतं, त्याच संघावर ही वेळ आली. आणि ज्याच्यावर सगळ्यांनी शंका घेतली तो व्हीलर या खेळातल्या सगळ्यात वसूल झालेल्या करारांपैकी एक ठरला. २०२२ ची वर्ल्ड सिरीज त्याच्याशिवाय दिसलीच नसती.

डीग्रॉमचं पण घ्या. टेक्सासने १८.५ कोटी दिले, पहिल्या वर्षी सहा सामने आणि दुसऱ्यांदा टॉमी जॉन. सगळ्यांनी हात झटकले. यंदा ३७ व्या वर्षी ३० सामने टाकले, ईआरए २.९७.

---

एक्स्टनकर
१२ डिसेंबर, दुपारी १२:४४

हेच म्हणत होतो! आणि ज्या वर्षी डीग्रॉम बसून होता त्याच वर्षी टेक्सास वर्ल्ड सिरीज जिंकलं.

---

सातारी_फास्टबॉल
१२ डिसेंबर, दुपारी १:१०

व्हीलरची जखम नक्की काय आहे? कोपर म्हणावं तर कोपर नाही, रक्ताची गुठळी म्हणतात, बरगडी काढली म्हणतात. स्ट्रासबर्गलाही तेच झालं होतं म्हणे. मग व्हीलर संपला का?

---

मेधा_फिजिओ
१२ डिसेंबर, सायंकाळी ६:३५

थोडं सविस्तर लिहिते, कारण हे दोन्ही विषय माझ्या रोजच्या कामातले आहेत.

गळ्याजवळचं हंसळीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये एक अरुंद वाट असते. हाताच्या नसा (संवेदना नेणाऱ्या), धमनी आणि रक्त परत नेणारी शीर तिथूनच जातात. वर्षानुवर्षं हात डोक्यावरून फिरवून त्या वाटेची कोंडी झाली की त्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. स्ट्रासबर्गच्या बाबतीत नस दबली होती. बोटांना मुंग्या, बधिरपणा, चेंडूवरची पकड जाते, आणि पिचरांना त्यातून परत येणं फार कठीण. व्हीलरच्या बाबतीत शीर दबली आणि गुठळी झाली. ऑगस्टमध्ये गुठळी काढली, सप्टेंबरमध्ये पहिली बरगडी काढून वाट मोकळी केली. नाव एकच असलं तरी दुखणं वेगळं आहे, आणि शिरेच्या प्रकारात परत येण्याची आशा बरीच चांगली असते. त्यामुळे त्याला एवढ्यात निरोप देऊ नका. २०२७ नंतर निवृत्त होणार असं त्याने स्वतःच सांगितलंय. ती दोन वर्षं त्याला मिळावीत असं मला मनापासून वाटतं.

आता कोपर. २००४-०५ मध्ये सचिनच्या टेनिस एल्बोमुळे आपल्या घराघरात कोपराची चर्चा होती. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं. पिचरचं मोडतं ते आतल्या बाजूचं लिगामेंट, दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना बांधणारी छोटीशी पट्टी. हात मागे जाऊन पुढे यायला लागतो त्या क्षणी कोपर आतून उघडू पाहतं, आणि ते धरून ठेवायचं काम या पट्टीचं. दर फेकीला ती तिच्या ताकदीच्या शेवटच्या टोकाजवळ असते. आजूबाजूचे स्नायू थोडा भार उचलतात म्हणून ती टिकते. स्नायू थकले की सगळा भार तिच्यावर.

डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये डॉजर्सच्या टॉमी जॉनवर पहिल्यांदा ही सर्जरी केली. मनगटाकडची एक कंडरा काढून हाडांना भोकं पाडून ती तिथे ओवली. त्याआधी असं कोपर म्हणजे कारकीर्द संपली. टॉमी जॉन १९७६ ला परतला, सर्जरीनंतर १६४ सामने जिंकला आणि ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. पण तो जोर लावणारा पिचर नव्हता, चेंडू बुडवणारा होता, हे विसरलं जातं.

---

सातारी_फास्टबॉल
१२ डिसेंबर, सायंकाळी ७:०१

मेधाताई, मनापासून आभार. एक शंका. आपले फास्ट बोलरही दिवसभर तोफा डागतात. त्यांची कोपरं का जात नाहीत?

---

मेधा_फिजिओ
१२ डिसेंबर, सायंकाळी ७:२०

कारण क्रिकेटमध्ये टाकताना कोपर झटकून सरळ करायला बंदी आहे. हात जवळजवळ सरळ फिरतो, वेग येतो तो रनअपमधून आणि कंबरेतून, म्हणून मोडते पाठ. बुमराचं बघा, पाठीवर सर्जरी, पुन्हा सिडनीला पाठच. पिचर एका जागी उभा, पाऊल एकच, आणि वाकलेलं कोपर चाबकासारखं सुटतं. ज्या सांध्यातून वेग काढाल तो सांधा किंमत मोजतो.

---

वानखेडे_नॉर्थस्टँड
१२ डिसेंबर, रात्री ८:४५

मग हे आत्ताच एवढं का वाढलं? खेळाडूंची संघटना म्हणते पिच क्लॉक. २०२३ पासून बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत टाकायचं. श्वास घ्यायलाच वेळ नाही.

---

ब्राँक्सवासी
१२ डिसेंबर, रात्री ९:१८

घड्याळाचा काही वाटा असेलही, पण वाढ घड्याळाच्या आधीपासूनची आहे. गेल्या डिसेंबरात लीगने स्वतःचा अहवाल काढला, त्यात मुख्य बोट वेगाकडे, चेंडूला जास्तीत जास्त वळण देण्याकडे आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याकडे आहे. २००८ मध्ये सरासरी फास्टबॉल ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. तीन मैल ऐकायला थोडे वाटतात, पण ती सरासरी आहे. पूर्वी पिचर हातचं राखून टाकायचा, आठव्या डावात गरज पडली की जोर काढायचा. आता पाच डाव टाक, पण सगळं ओतून टाक, मागे बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागी) सात जण बसलेत.

आणि बक्षीसही त्यालाच मिळतं. ९२ ने टाकणाऱ्या पोराला कोणी संघात निवडत नाही.

---

लाल_टोपी
१२ डिसेंबर, रात्री ९:५०

हॅलाडेने २०१० मध्ये अडीचशे इनिंग टाकल्या, नऊ सामने एकट्याने पूर्ण केले. मे महिन्यात परफेक्ट गेम (समोरचा एकही जण बेसवर पोचला नाही), ऑक्टोबरात प्लेऑफमध्ये नो-हिटर (एकही हिट दिली नाही). मी त्या नो-हिटरला स्टेडियममध्ये होतो. शेवटच्या चेंडूला कॅचर रुईझने गुडघ्यावर बसून थ्रो केला तेव्हा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. पण ब्राँक्सवासी, हातचं राखणाऱ्या हॅलाडेचाही खांदा ३५ व्या वर्षी गेलाच. म्हणजे जुनं सगळं बरोबर होतं असंही मला म्हणवत नाही.

---

सुपातला_दाणा
१२ डिसेंबर, रात्री १०:१०

डॉजर्स कसं करतात मग? त्यांचेही स्नेल, ग्लासनाऊ महिनोन्महिने बाहेर होते. तरी लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज.

---

एक्स्टनकर
१२ डिसेंबर, रात्री १०:३३

पाच जागांसाठी दहा-बारा पिचर ठेवतात. निम्मे मोडणार हे गृहीत धरून. ऑक्टोबरात चार धडधाकट असले की झालं. शिवाय त्यांच्या ओटानीने ७० कोटींतले ६८ कोटी २०३४ पासून पुढे घ्यायचं कबूल केलंय. आपल्याला ते परवडत नाही. सलग तीन वर्षं कराची मर्यादा ओलांडली की वरच्या पायरीला डॉलरवर १.१० डॉलर कर. म्हणून रेंजर सुआरेझला राखणं अवघड दिसतंय, आणि ते मला श्वार्बरच्या वयापेक्षा जास्त टोचतंय. ३.२० चा ईआरए असलेला डावखुरा ३० वर्षांचा पोरगा जाऊ देतोय, आणि ६.०१ वाला नोला २०३० पर्यंत आहे.

---

लाल_टोपी
१२ डिसेंबर, रात्री १०:४०

नोलाबद्दल असं बोलू नका. सात वर्षं तो माणूस जवळपास एकही आठवडा न चुकता उभा राहिला. यंदा घोटा मुरगळला, मग बरगडीला चीर. एका वाईट वर्षावर त्याला तोलू नये.

---

एक्स्टनकर
१२ डिसेंबर, रात्री १०:४८

खरंय. शब्द मागे घेतो. माझा राग ऑक्टोबरचा आहे. प्लेऑफमध्ये डॉजर्सविरुद्ध ११ वा डाव, आपल्या पिचर केरकरिंगच्या हातात आलेला साधा चेंडू चुकीचा फेकला गेला आणि हंगाम संपला... अजून झोपताना आठवतं.

---

चेरीहिल_बाबा
१३ डिसेंबर, पहाटे ५:५५

पहिल्यांदाच लिहितोय, धागा रात्री पूर्ण वाचला. मेधाताईंना विचारायचं आहे.

मुलगा तेरा वर्षांचा, पिचर. दोन संघांतून खेळतो, एक गावचा आणि एक ट्रॅव्हल टीम. प्रत्येक कोच आपापले चेंडू मोजतो आणि मर्यादेत ठेवतो. पण दोन्हींची बेरीज कोणीच करत नव्हतं, मीसुद्धा नाही. शनिवारी ७० आणि रविवारी ६० असं बऱ्याचदा झालं. उन्हाळ्यापासून कोपराच्या आतून दुखतंय असं म्हणायचा. ट्रॅव्हल टीमचे कोच म्हणाले, या वयात होतं, बर्फ लाव. आमच्या घरी दुखणं अंगावर काढायची सवयच, मी पण त्याला तेच सांगितलं. हिवाळ्यात इनडोअर प्रॅक्टिस, तिथे भिंतीवर रडार गनचा आकडा दिसतो, आणि पोरं त्या आकड्यासाठी टाकतात. गेल्या मंगळवारी तो दप्तर उचलताना कळवळला. एमआरआय झाला. हाडाच्या वाढीच्या जागेला सूज आहे, लिगामेंट शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले तीन महिने अजिबात फेकायचं नाही.

रात्रभर मला हेच वाटत राहिलं की त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

---

मेधा_फिजिओ
१३ डिसेंबर, सकाळी ७:३०

बाबा, आधी हे ऐका: लिगामेंट शाबूत आहे ही फार चांगली बातमी आहे. या वयात हाडाची वाढीची जागा लिगामेंटपेक्षा कच्ची असते, म्हणून आधी ती दुखते. विश्रांती दिली तर ती भरते. तुम्ही वेळेत पोचलात.

लिटल लीगच्या नियमात १३ ते १६ वयाला दिवसाला ९५ चेंडू ही कमाल मर्यादा आहे, आणि १४ पर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. शनिवारचे ७० झाले की रविवारी एकही नको होता. नियम एका संघापुरता मोजला जातो, कोपर मात्र एकच असतं. यापुढे वही तुम्ही ठेवा, दोन्हीकडचे चेंडू एकाच पानावर. वर्षातून चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग. त्या काळात फुटबॉल, पोहणं, काहीही खेळू दे. रडारचा आकडा दिसेल अशा जागी सध्या नेऊ नका. आणि दुखलं की सांगायचं, हे त्याला तुम्ही स्वतः सांगा. तुमच्या तोंडून ऐकणं महत्त्वाचं आहे.

---

ब्राँक्सवासी
१३ डिसेंबर, सकाळी ८:१०

बाबा, माझ्या भाच्याचं पंधराव्या वर्षी हेच झालं होतं. आता कॉलेजात खेळतो. धीर धरा.

---

चेरीहिल_बाबा
१३ डिसेंबर, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. आज त्याच्याशी बोललो. आधी माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बाबा, हार्परचंपण टॉमी जॉन झालं होतं ना? मग तो फर्स्ट बेस शिकला." खरंच आहे, २०२२ च्या नोव्हेंबरात सर्जरी आणि १६० दिवसांत मैदानात. कोपर जपायला आउटफिल्ड सोडून फर्स्ट बेसला उभा राहिला, आणि आता तीच त्याची जागा आहे. पोराने ठरवलंय, मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली की हा हंगाम फर्स्ट बेसला. पिचिंगचं पुढच्या वर्षी बघू म्हणतो.

---

लाल_टोपी
१३ डिसेंबर, रात्री ८:४१

बाबा, माझ्या मुलीचा फर्स्ट बेसचा ग्लोव्ह गॅरेजमध्ये पडून आहे. चामडं मऊ झालंय, तेल लावलं की नव्यासारखा. उद्या दुपारी पूल ओलांडून आणून देतो. मुलगा उजव्या हाताने फेकतो का?

---

चेरीहिल_बाबा
१३ डिसेंबर, रात्री ८:४६

हो, उजव्या. या नक्की, जेवायलाच या.